ज्याची बातमी त्याची पिन

भिवंडीत एके काळी एक टीव्ही स्टेशन होतं आणि त्यावर मी बातम्या वाचायचो, असं सांगितलं की ऐकणारा आधी माझ्या चेहऱ्याकडे नीट बघतो आणि मग नम्रपणे विषय बदलतो. स्टेशन म्हणजे काय, तर निजामपुऱ्यात एका लूमच्या कारखान्यावरची खोली, तिच्या डोक्यावर डिश, आत दोन व्हीसीआर, लग्नाच्या शूटिंगचा एक म्हातारा कॅमेरा आणि माझ्या पाठीमागे लावायला माझ्याच बायकोची निळी चादर. आमच्या सिग्नलची ताकद अशी, की चार गल्ल्या ओलांडल्या की त्याला धाप लागायची. मग कुणाच्या तरी छपरावर बूस्टरचा डबा बसवून त्याला पुढे ढकलायचं.

मालक माझा शाळासोबती, अंजूरचा. खाडीकाठचं घर, भाताची शेतं, आणि डोक्यात भलतंच काही तरी. आठवीत तो माझ्या शेजारी बसून माझी उत्तरं उतरवायचा. तिथेच त्याला कळायला हवं होतं की माझ्यावर विसंबून पास होता येत नाही. पुढे मी शहरातल्या मराठी शाळेत मास्तर झालो आणि त्याने व्हिडिओ लायब्ररी काढली. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. शुक्रवारी लूम बंद, त्यामुळे गुरुवारी संध्याकाळी त्याच्या दुकानासमोर ही झुंबड. कॅसेट कमी, गिऱ्हाइकं जास्त. एका शुक्रवारी त्याने खिडकीतून वायर काढून वरच्या बिऱ्हाडाला दिली, तिथून शेजारच्या चाळीला, आणि एकच कॅसेट सगळ्यांना दाखवली. आमच्या स्टेशनचं उद्घाटन ते. नारळसुद्धा फोडला नव्हता, नंतर बऱ्याच जणांनी त्याचा संबंध लावला.

नव्वदच्या पुढे डिश आली, ती त्याने अंजूरचा आपल्या वाटणीचा रस्त्यालगतचा तुकडा विकून आणली. तो तुकडा घेणाऱ्या शेठने बघता बघता तिथे गोदाम उभं केलं. मित्राचे वडील म्हणजे गावातले मानाचे शेतकरी. ते एकदाच म्हणाले, "शेत इकून थाली आनली. आता बघू, ह्या थालीन कोनाचा प्वाट भरतंय." त्यानंतर ते मुलाशी बोलेनासे झाले. हा दर रविवारी घरी जायचा, जेवायचा, बाप भिंतीकडे तोंड करून विडी ओढायचा. हवं-नको ते आईमार्फत.

तेव्हापासून माझ्या मित्राला एकच ध्यास होता. वायर अंजूरला न्यायची, बापाच्या ओटीवर टीव्ही लावायचा आणि बापाने म्हणायचं, की पोऱ्यानं कायतरी केला. बाकी जग आमचं चॅनेल बघतंय की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. माझं उलट होतं. जगाने बघावं, आणि विशेषतः मला बघावं, एवढीच माझी माफक अपेक्षा होती.

आता बातम्यांचं सांगतो. स्टुडिओच्या खाली लूम, म्हणजे आवाज कसला, भूकंपच. लाईट गेली की लूम थांबायचे, पण लाईट गेली की आमचा कॅमेराही थांबायचा, कारण त्याची बॅटरी कधीच निवर्तली होती. म्हणून फक्त शुक्रवारी रेकॉर्डिंग. दुपारी शाळेतून आल्यावर मी कोट चढवायचो, खाली लुंगीच ठेवायचो, आणि आठवड्याच्या बातम्या एकदम वाचायचो. त्या संध्याकाळी साडेसातला लागायच्या. पहिल्याच शुक्रवारी वाचून झाल्यावर मी 'नमस्कार' म्हणून ऐटीत उठून उभा राहिलो, आणि कॅमेरा बंद करायचा राहिला होता. निजामपुऱ्यातली पोरं पुढची दोन वर्षं मला 'लुंगी न्यूज' म्हणत होती. वर्गातसुद्धा.

पण खरी गंमत छपरांची होती. आमची सगळी वायर लोकांच्या छपरांवरून जायची. नियम असा, की ज्याच्या छपरावरून वायर जाईल त्याला कनेक्शन फुकट. बूस्टरला वीज देईल त्याच्या मुलाबाळांच्या वाढदिवसाचा फोटोसुद्धा चॅनेलवर. करार तोंडी, हत्यार एकच: छप्परवाला रागावला तर पक्कड घेऊन वर चढायचा आणि त्याच्यापुढच्या सगळ्या गल्ल्या अंधारात. म्हणजे बघा, मी सत्याचा पुजारी वगैरे, आणि गावातला प्रत्येक पत्रा माझा संपादक. गटार तुंबवणारा लूममालक, त्याच्या पत्र्यावर आमचा बूस्टर. दुधात पाणी घालणारा डेअरीवाला, त्याच्या कौलांवरून आमची मेन लाइन. पहिले तीन आठवडे मी फक्त हवामान वाचलं, तेही जपून.

मग माझ्या मित्राने तोड काढली. ज्याची बातमी, त्याची पिन. बातमी ज्याच्याबद्दल असेल, त्याच्या कनेक्शनची पिन वायरमनने साडेसातला काढायची, पावणेआठला परत लावायची. त्याने फोन केला तर "लाइन में फॉल्ट है, अभी आदमी भेजा" म्हणायचं. सगळ्या गल्लीला बातमी दिसायची, एक त्याला सोडून.

एक-दोन महिने हे बिनबोभाट चाललं. मग लोकांना कळलं. शुक्रवारी साडेसातला ज्याच्या पडद्यावर मुंग्या येतील, त्या घरचा कर्ता पुरुष चप्पल न घालताच शेजाऱ्याकडे पळायचा, आपल्याबद्दल काय सांगतायत ते ऐकायला. डेअरीवाल्याची बायको तर मला भाजीबाजारात म्हणाली, "गुरुजी, गेला शुक्रवार आमच्याकडे मुंग्या आल्या नाहीत. म्हटलं, ह्यांनी धंदा सोडला की काय!" तरी वायर कुणी कापली नाही. पिन काढणं म्हणजे त्यांचा मान राखणं, असंच सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं.

मित्राने ही हकीकत अंजूरला जेवताना आईला सांगितली, बापाला ऐकू जाईल अशी. आई हसून लोटपोट झाली. बाप भिंतीकडे बघून विडी ओढत होता, पण त्याचे खांदे हलत होते म्हणे. माझा मित्र तेवढ्यावर आठवडाभर खूश होता.

वायर हळूहळू अंजूरच्या दिशेने सरकत गेली. अंजूर फाटा आला, पुढचं गॅरेज, चहाची टपरी, आणि मग शेवटचं छप्पर उरलं. ते गोदाम. स्वतःच विकलेल्या शेतावरून वायर न्यायची, तर त्या शेठला विचारायला हवं. हा गेला आणि विचारून आला. शेठ मोठा सभ्य माणूस, मुंबईत राहायचा, सकाळपासून रात्री आठपर्यंत गोदामातल्या ऑफिसात. तो म्हणाला, "ले जाओ ना. अपना ही घर समझो." माझा मित्र ते वाक्य मला सांगताना हसला खरा, पण त्या दिवशी त्याने चहा अर्धाच प्यायला.

अंजूरला टीव्ही लागला. बापाने दोन महिने त्याच्याकडे पाठ फिरवली. मग एकदा आई म्हणाली, ते पाठ फिरवूनच बसतात, पण आवाज कमी केला तर खाकरतात.

आणि मग ऐन पावसाळ्यात, भात लावून महिना झाला असेल, म्हातारा स्वतः आमच्या स्टुडिओत आला. पायऱ्या चढताना खालच्या लूमच्या आवाजाने दचकला, दारात उभा राहिला, निळी चादर पाहिली, मला कोटात आणि लुंगीत पाहिलं. मुलाकडे न बघता मला म्हणाला, "मास्तर, बातमी हाय."

खाडीच्या बांधाला एक उघाडी असते. लाकडी फळीचं दार. ओहोटीला पावसाचं पाणी बाहेर सोडायचं आणि भरतीला बंद, म्हणजे खारं पाणी शेतात येत नाही. शेठने ट्रकला रस्ता हवा म्हणून बांधावर भराव टाकला होता. भरावाखाली फळी अर्धवट उघडी अडकली आणि दर भरतीला खाडी थेट भातात.

"तुझ्याच इकलेल्या शेतावरशी माज्या शेतान खारा पानी आला," म्हातारा म्हणाला. हे मुलाला होतं. कैक वर्षांनी त्याच्याशी बोललेलं पहिलं वाक्य.

मी विचारलं, "गावाने मिळून शेठला सांगितलं का?"

"निम्म्यांची पोरा गोदामान कामाला हात. ते म्हंतात, काय व्हईत न्हाय, म्हातारा शेताचा भाव वाढवतंय. बांधावं जाऊन बगायला कोनाला टाइम न्हाय. टीव्हीवं दाखव त्याना. एकदा सगल्यांनी बघितला, का सकाली गाव घेऊन जातो आन् भराव उचलतो." मग थांबून, माझ्याकडे बघत, पण मुलाला: "तुजा टीव्ही काय कामाचा हाय का न्हाय, ता तरी कलंल."

म्हातारा गेल्यावर मित्र बराच वेळ डिशच्या रिसीव्हरवरची धूळ बोटाने पुसत होता. शेठने बातमी पाहिली की वायर तुटणार, हे उघड होतं. बातमी दिली नाही की बाप तुटणार, हेही.

"पिन काढू," मी म्हटलं.

"पिन काढूच," तो म्हणाला. गोदामाला शेजार नव्हता. शेठ पळून बातमी बघायला जाणार कुठे? हमालांना मराठी धड येत नव्हती. म्हणजे पिन निघाली की अंजूरला दिसणार, शेठला नाही. सकाळी गाव भरावावर आल्यावर त्याला कळलंच, तरी पिन काढून मान राखला म्हणता येणार. बापही राहणार, वायरही राहणार. आम्ही दोघांनी एकमेकांना टाळीसुद्धा दिली.

आम्ही बांधावर जाऊन शूटिंग केलं. अडकलेली फळी, आत घुसणारं पाणी, पिवळी पडलेली भाताची टोकं. शुक्रवारी दुपारी मी वाचलं. खोटं कशाला बोलू, आयुष्यात इतकं चांगलं मी कधीच वाचलं नव्हतं. मित्राने अंजूरला निरोप धाडला. म्हाताऱ्याने ओटीवर घोंगड्या अंथरल्या, घरोघर जाऊन माणसं बोलावली, आणि टीव्ही पहिल्यांदा स्वतःच्या हाताने चालू केला.

अडचण एवढीच झाली, की आमचा वायरमन मावसभावाकडे गटारीला गेला होता. आगरी माणूस गटारीला बसला की त्याला परत बोलावण्याची सोय या पृथ्वीवर नाही. मित्राला व्हीसीआरजवळ थांबणं भाग होतं. मी म्हटलं, "मी जातो की."

तो माझ्याकडे बघत राहिला. "मास्तर, तुला जमेल?"

"पिन काढायची आहे, रॉकेट नाही सोडायचं."

आमच्या घराण्यात सगळे कारकून नाही तर मास्तर. हाताने करायचं काम समोर आलं की आम्ही आधी त्यावर चर्चा करतो. त्या संध्याकाळी चर्चेला कुणी नव्हतं, तिथेच घात झाला.

मी रिक्षाने गोदामाशी पोचलो, मागच्या शिडीने पत्र्यावर चढलो. उजेड होता अजून. बूस्टरच्या डब्यातून दोन वायरी निघत होत्या. एक जाडजूड काळी, दुसरी करंगळीपेक्षा बारीक. एक शेठच्या ऑफिसात जाणारी, एक अंजूरला. कुठली कुठली, ते मित्राने सांगितलं असावं. मी त्या वेळी कोटाची घडी मोडणार नाही ना याचा विचार करत होतो. मग मी डोकं चालवलं. शेठ म्हणजे बडं प्रस्थ, एवढं मोठं गोदाम, फोन, एसी. अंजूर म्हणजे कौलारू घरांचं गाव. तर जाड वायर कुणाची असणार?

साडेसातला मी जाड वायरची पिन ओढून काढली.

वारा छान होता. समोर खाडी. खालून कुणी तरी सुंदर मराठीत बोलत होतं. शब्द कसे टपोरे, स्वच्छ. मला वाटलं, काय वाचतोय बुवा! मी चांगला अर्धा-एक मिनिट स्वतःचाच आवाज ऐकत, मान डोलावत, पत्र्यावर उभा होतो. '...या भरावामुळे अंजूरच्या शेतकऱ्यांवर...' इथे माझी मान थांबली. गोदामाला शेजार नव्हता. तो आवाज ऑफिसातूनच येत होता. लांब जाणारी वायर जाड असते, हे मला तेव्हा कळलं.

पिन घाईने परत लावायला गेलो, तर ती वायरपासूनच निसटली, पत्र्याच्या पन्हाळीतून घरंगळत गेली आणि खाली चिखलात पडली. मी वाकून बघतोय, तोच खालून हाक आली.

"मास्तरजी! नीचे आइए. गिर जाएँगे."

शेठ दारात उभा होता. मी उतरलो. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला. माझ्या हाताला लागलेला गंज पुसायला स्वतःचा रुमाल दिला. आणि आम्ही दोघांनी उरलेली बातमी मिळून पाहिली. अडकलेली फळी, पाणी, भाताची टोकं, माझा गंभीर चेहरा. संपल्यावर शेठ म्हणाला, "बहुत अच्छा पढ़ते हैं आप. मेरी मराठी कच्ची है, लेकिन सब समझ में आया."

मी 'थँक्यू' म्हणालो. देवाशप्पथ, 'थँक्यू' म्हणालो.

"कल सुबह वायर निकलवा लेना," तो तितक्याच सौम्यपणे म्हणाला. "इस वक़्त रिक्शा नहीं मिलेगी. कहाँ जाएँगे? ड्राइवर छोड़ देगा."

मला अंजूरला जायचं होतं, घडलेलं लगेच सांगायला. म्हणून मी शेठच्या जीपमध्ये बसलो. त्या दिवसातली माझी पहिली चूक कुठली याबद्दल मतभेद होऊ शकतात. ही दुसरी, याबद्दल नाही.

ओटी गच्च भरली होती. टीव्हीवर मुंग्या. सगळं गाव मुंग्यांकडे बघत बसलं होतं, आणि म्हातारा उभा होता. बाहेर जीपचा उजेड पडला, सगळ्यांनी माना वळवल्या, आणि शेठच्या जीपमधून, कोट घातलेला मी उतरलो.

"शेठचे गाडीतशी आलाव, मास्तर?" म्हातारा म्हणाला.

मी सांगायला लागलो. पिन, जाड वायर, बारीक वायर, पन्हाळ. वाचताना कधी न अडखळणारा मी त, त, प, प करत होतो. मागून कुणी तरी म्हणालं, "शेठनी च्या पन पाजला असंल." मी म्हटलं, "हो, पाजला." मला खोटं बोलता येत नाही, असा माझा तेव्हा समज होता.

म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं. "मास्तर, तुमी पोरा शिकवताव. गावची पोरा तुमचे हाताखाली शिकली. तुमाना जाड वायर आन् बारीक वायर कलत न्हाय, ह्या मी मानू?"

"माझी चूक झाली, खरंच. तुमच्या मुलाचा यात..."

"ज्याची बातमी त्याची पिन," म्हातारा म्हणाला. "त्यानंच सांगितला व्हता ना, जेवताना? मंग आमची पिन कनाला काढली? वायर वाचवली त्यानं. बापापरीस वायर मोठी." आणि त्याने टीव्ही बंद केला.

सकाळी भराव उचलायला त्याच्यासोबत कुणी गेलं नाही. एकटाच कुदळ घेऊन गेला, वॉचमनने परत पाठवला. वॉचमन गावातलाच होता. रविवारी माझा मित्र व्हीसीआर आणि ती कॅसेट घेऊन गावात गेला, देवळापुढे लावली. चार पोरं जमली. मोठी माणसं लांबूनच म्हणाली, आता वायर कापल्यावर दाखवतंय, शेठशी फिसकटला असंल. तोवर भातही गेलं होतं. खारं पाणी एकदा मुळांना लागलं की शेत वर्ष-दोन वर्षं उठत नाही. हे तर उठलंच नाही. तेही पुढे गोदामाखाली गेलं.

मित्राने मला एकदाही बोल लावला नाही. मीच चिडून म्हटलं, "अरे, बापाला सांग ना, हा मास्तर मूर्ख आहे म्हणून!"

"सांगितलं," तो म्हणाला. "म्हणतो, असला मूर्ख तुला सापडला कुठे? मी म्हटलं, आठवीत. पटत नाही त्याला."

स्टेशनही फार टिकलं नाही. नव्वदचं दशक सरता सरता मोठी कंपनी आली, खांबांवरून जाडजूड वायर घेऊन. तिला कुणाच्या छपराची गरज नव्हती. आमच्या वायरी लोकांनी कपडे वाळत घालायला घेतल्या. मित्र त्याच कंपनीचा वसुलीचा माणूस झाला, घरोघर पावत्या फाडत फिरायला लागला. बातम्या बंद. मुंग्याही गेल्या.

मग त्याच्या मोठ्या मुलीचा साखरपुडा अंजूरला होता, दुपारचं जेवण. म्हातारा आता काठीवर आला होता. मुलाकडे पाठ मात्र तशीच, सवयीने. मला जवळ बसवून घेतलं, आणि माझ्या पानात मटण वाढत हळूच म्हणाला, "मास्तर, आता तरी खरा सांगा. झाला गेला. शेठनी तुमाना कायतरी दिला व्हता ना?"

मी तोंड उघडलं, पिन, जाड वायर, पन्हाळ, सगळं जिभेवर होतं. समोर माझा मित्र पंगतीत वाढत होता, घामाने भिजलेला, आणि बापाच्या पानाशी आला की न थांबता पुढे सरकत होता.

"दिलं होतं," मी म्हटलं. "तुमच्या मुलाला ठाऊक नव्हतं. मी एकट्यानेच घेतलं."

म्हाताऱ्याने माझ्याकडे बघितलं. एवढ्या वर्षांत माझं एकही वाक्य त्याला पटलं नव्हतं. हे तत्काळ पटलं. शंका नाही, प्रश्न नाही. त्याचा चेहरा असा सैल पडला, की मला माझ्या बोलण्याची भीतीच वाटली. त्याने हात वर केला आणि मुलाला हाक मारली, "ए, वाढतंस काय नुसता? बस हितं. जेव."

माझा मित्र भांडं हातात घेऊन तसाच उभा राहिला. मग बापाशेजारी बसला. दोघांच्या पानासमोर, उघड्या खिडकीतून, ओळीने गोदामांचे पत्रे दिसत होते, आणि त्यातला कुठला आपल्या शेतावरचा, हे आता त्यांनाही बोट दाखवून सांगता आलं नसतं.

संध्याकाळपर्यंत गोष्ट अख्ख्या गावात झाली. मित्र मला फाट्यापर्यंत सोडायला आला आणि तिथे म्हणाला, "कशाला बोललास? आता बा म्हणतो, चोराशी मैत्री केलीस." आणि हसायला गेला, ते काही त्याला जमलं नाही.

मी अजून अंजूरला जातो. शाळेतले जुने विद्यार्थी भेटतात, पाया पडतात, ओटीवर बसवतात. आतून कुणी तरी म्हातारी हमखास विचारते, "मास्तर, शेठचा च्या चालतो, आमचा चालंल ना?"

मी म्हणतो, चालेल. साखर कमी घाला.